बिअर निवडणारा ग्राहक : प्रकट पसंतीच्या कल्पनेविषयी काही विचार

अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात ग्राहक आपल्याला प्रथम भेटतो तो एकटा. त्याच्यासमोर दोन वस्तू असतात, हाती ठराविक उत्पन्न असते, बाजारातील किंमती त्याला ठाऊक असतात, आणि आपल्याला काय आवडते हेही तो निश्चितपणे जाणून असतो. ही आवड कोठून आली, ती किती दृढ आहे, शेजारी कोण बसले आहे यावरून ती पालटते काय, हे प्रश्न मानसशास्त्राकडे सोपवून आपण पुढे जातो. पॉल सॅम्युएलसन यांनी १९३८ मध्ये मांडलेल्या विचारामुळे तर या प्रश्नांची गरजच उरली नाही, असे अनेकांस वाटले. ग्राहकाच्या मनात शिरून कोणी पाहिलेले नाही. दोन वस्तू सारख्याच आवाक्यात असता त्याने त्यांतील एक घेतली, तर तीच त्याला अधिक पसंत आहे असे समजावे, अशी ही भूमिका आहे. ‘प्रकट पसंती’ या नावाने ती आपल्या विद्यार्थ्यांस परिचित आहे.

या कल्पनेची कसोटी पाहण्यास बिअर हे पेय फार सोयीचे आहे. विद्यापीठाच्या पत्रिकेत मद्याची चर्चा काही वाचकांस अप्रशस्त वाटेल. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याच्या छायेत ज्यांची उमेदीची वर्षे गेली त्यांना तर विशेषच. परंतु अभ्यासकाच्या दृष्टीने या पेयाचे काही गुण नजरेआड करता येत नाहीत. त्याचे प्रकार पुष्कळ आहेत, एका पेल्याची किंमत बेताची असते, एकाच बैठकीत मागणी पुनःपुन्हा होते, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ते बहुधा चारचौघांत बसून, सर्वांना ऐकू जाईल अशा रीतीने मागवले जाते.

अमुकच बिअर का मागवलीत, असे पिणाऱ्यास विचारले तर तो चवीचे कारण सांगेल. हे उत्तर प्रामाणिक असते. ते कितपत खरे असते हा प्रश्न वेगळा. राल्फ अॅलिसन आणि केनेथ उल या दोन अमेरिकन संशोधकांनी १९६४ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग या संदर्भात आजही वाचण्यासारखा आहे. नेहमी बिअर पिणाऱ्या ३२६ व्यक्तींना त्यांनी लेबले काढून टाकलेल्या बाटल्या घरी नेण्यास दिल्या व प्रत्येक बाटलीस गुण देण्यास सांगितले. पुढे त्याच लोकांना लेबल असलेल्या बाटल्या दिल्या. लेबल नसताना आपल्या नित्याच्या छापाची बिअर या मंडळींना सर्वसाधारणपणे ओळखता आली नाही, व तिला त्यांनी इतरांहून अधिक गुणही दिले नाहीत. लेबल दिसू लागताच मात्र गुण वाढले, आणि ज्याने त्याने आपापल्या छापास वरचे स्थान दिले. वर्षानुवर्षे एकाच छापाशी एकनिष्ठ राहणाऱ्या माणसाची निष्ठा, निदान या प्रयोगापुरती, जिभेवर नव्हे तर लेबलावर बसलेली होती.

यावरून ‘लोक स्वतःची फसवणूक करून घेतात’ असा निष्कर्ष घाईने काढला जातो. तो आम्हास मान्य नाही. लेबल वाचून बिअर अधिक आवडली असे म्हणणारा मनुष्य खोटे बोलत असतो, की ती त्याला खरोखरच अधिक चांगली लागते? लिओनार्ड ली, शेन फ्रेडरिक आणि डॅन अॅरिएली यांच्या २००६ मधील शोधनिबंधाने हाच प्रश्न चतुराईने सोडवला. मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथील मद्यगृहांत त्यांनी लोकांना दोन पेले दिले. एकात साधी बिअर होती. दुसऱ्यात तीच बिअर, परंतु इटलीतील बाल्सॅमिक जातीच्या शिर्क्याचे काही थेंब घातलेली. काहींना शिर्क्याविषयी काहीच सांगितले नाही, काहींना पिण्यापूर्वी सांगितले, आणि काहींना चव घेतल्यानंतर परंतु मत देण्यापूर्वी सांगितले. ज्यांना काही ठाऊक नव्हते त्यांच्यापैकी बहुसंख्यांना शिर्क्याची बिअरच अधिक आवडली. ज्यांना आधी कळले त्यांच्यात तिची पसंती एकदम घसरली. आणि ज्यांना नंतर कळले? त्यांचे मत अजाण लोकांच्या मताहून फारसे वेगळे निघाले नाही. ज्ञानाचा परिणाम केवळ मत देण्यावर होत असता, तर आधी कळणे आणि नंतर कळणे सारखेच ठरले असते. तसे झाले नाही. याचा अर्थ असा की अपेक्षा ही चवीच्या अनुभवातच मिसळते. तेव्हा लेबलावरून ठरलेली आवड खोटी नसते, ती त्या लेबलासकट असलेल्या पेल्याची आवड असते. मद्याच्या उघड जाहिरातीस मनाई असलेल्या आपल्या देशात उत्पादक आपली नावे पाण्याच्या व सोड्याच्या बाटल्यांवर झळकवण्यासाठी जो खटाटोप करतात, त्यामागील हिशेब यातून उलगडतो.

किंमतीविषयी थोडक्यात लिहितो, कारण तो भाग विद्यार्थ्यांना बहुधा ठाऊक असतो. रिचर्ड थेलर यांनी १९८५ मधील निबंधात समुद्रकिनाऱ्यावर पहुडलेल्या तहानलेल्या माणसाचा प्रश्न मांडला. मित्र थंड बिअर आणावयास निघाला आहे. जास्तीत जास्त किती किंमत देशील, असे तो विचारतो. बिअर मोठ्या हॉटेलातून आणावयाची असेल तर उत्तरांची मध्यमा २.६५ डॉलर भरली, आणि जवळच्या साध्या किराणा दुकानातून आणावयाची असेल तर १.५० डॉलर. बाटली तीच, पिण्याची जागाही तीच. पिणारा बिअरची योग्यता जोखत होता तसाच त्या व्यवहाराचा रास्तपणाही जोखत होता.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. येथवरचा ग्राहक एकटाच उत्तर देत होता. टेबलाभोवती चौघे बसले म्हणजे काय होते? डॅन अॅरिएली आणि जोनाथन लेव्हाव यांनी याचा शोध नॉर्थ कॅरोलायनातील चॅपेल हिल येथील ‘कॅरोलायना ब्रुअरी’ या मद्यगृहात घेतला, व २००० मध्ये तो प्रसिद्ध केला. तेथे बसलेल्या मंडळींना चार बिअरांपैकी एकीचा नमुना-पेला विनामूल्य देऊ केला जाई. पहिली तांबूस रंगाची मध्यम अंगाची एल, दुसरी बोहेमियन धर्तीची सोनेरी लागर, तिसरी हॉप्सचा कडवटपणा असलेली इंडिया पेल एल, आणि चौथी बव्हेरियन धर्तीची गव्हाची एल. काही टेबलांवर नेहमीच्या रीतीप्रमाणे एकामागून एक मोठ्याने मागणी घेतली; इतर टेबलांवर प्रत्येकाने आपली निवड गुपचूप कागदावर लिहून दिली. पेला रिता झाल्यावर प्रत्येकास दोन गोष्टी विचारल्या : बिअर कितपत आवडली, आणि दुसरी घेतली असती तर बरे झाले असते असे वाटते काय.

ज्या टेबलांवर मोठ्याने मागणी झाली तेथे विविधता अधिक दिसली. एकाने लागर मागवली की दुसरा तिच्यापासून दूर सरके, तिसरा आणखी दूर. परंतु ही विविधता फुकट आली नव्हती. उघड मागणी करणारे लोक, कागदावर लिहिणाऱ्यांच्या तुलनेने, आपल्या पेल्यावर कमी संतुष्ट होते व त्यांना पश्चात्तापही अधिक वाटला. यास अपवाद एकच : ज्याने सर्वांत आधी मागणी केली तो. त्याचे समाधान कागदावर लिहिणाऱ्यांइतकेच होते, कारण त्याच्यापूर्वी कोणी काही मागितलेलेच नव्हते. शिवाय, इतरांहून वेगळे दिसण्याची ओढ ज्यांच्या स्वभावात अधिक आढळली, ते लोक आधी कोणी न मागवलेली बिअर मागवण्याकडे अधिक झुकले.

यावर एक आक्षेप सहज सुचतो. मित्र परस्परांच्या पेल्यातील घोट घेतात. चार प्रकार मागवले म्हणजे चारही चाखता येतात. मग ही विविधता शहाणपणाचीच नव्हे काय? विविधतेचा उलगडा या युक्तिवादाने होतो हे खरे. परंतु चाखण्याची सोय करून घेणाऱ्याला नंतर हळहळ का वाटावी, आणि पहिल्यालाच ती का वाटू नये, हे त्याने स्पष्ट होत नाही. आपण कसे दिसतो याची चिंता मानली म्हणजे दोन्ही गोष्टी उलगडतात.

दुसरा आक्षेप प्रकट पसंतीच्या समर्थकांचा, आणि तो अधिक बळकट आहे. ते म्हणतील की तिसऱ्या माणसाने ‘गव्हाची बिअर’ निवडली असे मुळी म्हणूच नये. ‘दोघांनी लागर व एल मागवल्यावरची गव्हाची बिअर’ ही एक निराळीच वस्तू आहे, आणि त्याने तीच पसंत केली. वेगळे दिसण्यातही उपयोगिता असते. तिचा मोबदला त्याने चवीच्या रूपाने दिला. तर्क म्हणून यात दोष नाही. पण हा बचाव स्वीकारला तर सिद्धान्ताचा उपयोग काय उरतो, हे पाहिले पाहिजे. मद्यगृहाच्या मालकाकडे असते ती विक्रीची वही. तिच्यात किती पेले गव्हाच्या बिअरचे गेले ते लिहिलेले असते, ते कोणाच्या पाठोपाठ मागवले गेले ते नव्हे. वहीवरून आवड वाचावयाची तर वस्तूची व्याख्या वहीतल्याइतकीच स्थूल ठेवावी लागेल; आणि व्याख्या सूक्ष्म करावी तर वहीवरून काहीच वाचता येणार नाही. आणि पश्चात्ताप तर शिल्लक राहतोच. आपल्याच मापाने योग्य सौदा करणाऱ्या माणसाने पेला संपल्यावर चुकचुकावे, हे चमत्कारिकच नव्हे काय?

येथे एका गोष्टीची नोंद करणे प्रामाणिकपणाचे होईल. अॅरिएली ज्याचे एक सहलेखक होते असा प्रामाणिकपणाविषयीचा २०१२ मधील एक निबंध, त्यातील एका प्रयोगाची आकडेवारी विश्वासार्ह नसल्याचे आढळल्यावरून, २०२१ मध्ये मागे घेण्यात आला. बिअरविषयीच्या वरील निबंधांचा त्याच्याशी संबंध नाही. तरीसुद्धा विद्यार्थ्यांनी ते वाचताना मूळ कोष्टके स्वतः तपासावीत, केवळ नावलौकिकावर विसंबू नये. हा तर लेबलाविषयीचाच धडा.

वेगळेपणाची ही ओढ सर्वत्र सारखी समजू नये. याच संशोधकांनी हाँगकाँगमध्येही असा प्रयोग केला. तेथेही उघड मागणी करणाऱ्यांनी स्वतःला तितके न आवडणारे पदार्थ निवडले. परंतु उलट दिशेने. आधीच्या व्यक्तीने जे मागवले तेच मागवण्याकडे त्यांचा कल होता. अमेरिकेत वेगळेपणासाठी, तर हाँगकाँगमध्ये एकोप्यासाठी, चवीचा बळी गेला. आपल्याकडील उपाहारगृहात पहिल्याने चहा म्हटला की ‘मलाही तेच’ हे शब्द टेबलाभोवती कसे फिरत जातात, ते सर्वांच्या परिचयाचे आहे. वेटरचे काम वाचावे, यजमानास अधिक खर्च पडू नये, आपण नखरेल दिसू नये, अशी कितीतरी कारणे त्या दोन शब्दांत दडलेली असतात. चहाची आवड त्यांत असेलच असे नाही.

बिअरच्या बाबतीत मात्र महाराष्ट्रात आणखी एक गोष्ट आड येते. आपल्याकडे पुष्कळ बिअर ६५० मिलिलिटरच्या मोठ्या बाटलीतून विकली जाते, व ती दोघांतिघांच्या पेल्यांत ओतली जाते. म्हणजे निवडीचे एकक व्यक्ती नसून टेबल होते. तेथे प्रश्न ‘मी काय घेऊ’ असा नसतो, ‘स्ट्राँग की माइल्ड’ असा असतो, आणि त्याचे उत्तर कोणाच्याच नावावर मांडता येत नाही. पुण्यामुंबईतील नव्या ब्रुअरींत पेल्यागणिक बिअर मिळू लागली, तेव्हा तिच्याबरोबर चॅपेल हिलची अडचणही आपल्याकडे आली.

पाहणीसाठी बाहेर पडणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांना ही अडचण मद्यगृहाबाहेरही भेटते. पारावर किंवा ओसरीवर प्रश्नावली उघडली की पाचदहा माणसे भोवती जमतात. पहिला उत्तर देतो. दुसऱ्याचे उत्तर पहिल्याने ऐकवलेल्या उत्तरावर बेतलेले असते, आणि ते त्याच्याशी जुळते घेणारे की फटकून राहणारे, हे गावावर व विषयावर अवलंबून असते. आपल्या तक्त्यांत मात्र ही उत्तरे परस्परांपासून स्वतंत्र म्हणून मोजली जातात. उत्तर देताना तेथे कोण उपस्थित होते, आणि या व्यक्तीचा क्रम कितवा होता, असे दोन रकाने प्रश्नावलीत वाढवण्यास फारसा खर्च येत नाही. शक्य असेल तेथे उत्तर बोलून न घेता चिठ्ठीवर घ्यावे. लिहिता न येणाऱ्यास चित्रांच्या चिठ्ठ्यांतून एक उचलावयास सांगावे.

मद्यगृहातील तिसऱ्या माणसालाही उपाय आहेच. वेटर येण्यापूर्वी त्याने आपली निवड मनाशी पक्की करावी, किंवा सर्वांच्या आधी बोलून मोकळे व्हावे. दुसरा उपाय अर्थात टेबलावरील एकालाच लाभतो.