आकड्यांतून आकृती : प्रोग्रॅमिंगमधील काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

वापरकर्त्याकडून बाजूची लांबी, त्रिज्या किंवा बाजूंची संख्या विचारून चौरस, त्रिकोण वा वर्तुळ काढणे हा प्रोग्रॅमिंगच्या प्राथमिक अभ्यासातील नेहमीचा स्वाध्याय असून तो सहसा सोपा मानला जातो. प्रत्यक्षात त्यात तीन वेगळ्या गोष्टींची सांगड घालावी लागते : वापरकर्त्याने टंकलेली चिन्हे, त्यांतून सिद्ध होणारी भूमितीतील आकृती आणि पडद्यावर उजळणारे ठिपके. या तिन्ही गोष्टी एकच आहेत असे गृहीत धरल्यामुळे जे गैरसमज निर्माण होतात, त्यांचा विचार येथे मुख्यतः पायथन या भाषेच्या आधारे केला आहे.

गैरसमज १ : वापरकर्त्याने संख्या टंकली की प्रोग्रॅमला संख्याच मिळते.

वस्तुस्थिती : पायथन ३ मधील ‘इनपुट’ हे फंक्शन नेहमी स्ट्रिंग, म्हणजे अक्षरचिन्हांची मालिका, परत करते, त्यामुळे वापरकर्त्याने ५ टंकल्यावर त्या मूल्याला ३ ने गुणले, तर उत्तर १५ न येता ५५५ येते, कारण तेथे गुणाकार न होता त्या चिन्हाची तीनदा पुनरावृत्ती होते. पूर्णांकासाठी ‘इंट’ आणि दशांश अपूर्णांकासाठी ‘फ्लोट’ या फंक्शनने रूपांतर करावे लागते, आणि २.५ ही स्ट्रिंग ‘इंट’ला दिली तर ती नाकारली जाते. या गैरसमजाला इतिहासाचाही आधार आहे : पायथन २ मधील ‘इनपुट’ टंकलेला मजकूर पदावली म्हणून सोडवत असल्याने संख्या थेट हाती येत असे, परंतु त्या वाटेने वापरकर्त्याला नको ती आज्ञाही चालवता येत असल्यामुळे २००८ मध्ये आलेल्या पायथन ३ मध्ये ही पद्धत बंद झाली. मराठी वापरकर्त्यांच्या दृष्टीने महत्त्वाची बाब अशी की, पायथनमधील ‘इंट’ आणि ‘फ्लोट’ देवनागरी अंकही स्वीकारतात; जावास्क्रिप्टमधील ‘नंबर’ मात्र तेच अंक संख्या म्हणून ओळखत नाही.

गैरसमज २ : रूपांतर यशस्वी झाले की आकृती काढता येते.

वस्तुस्थिती : संख्या वैध असणे आणि आकृती शक्य असणे या दोन स्वतंत्र कसोट्या आहेत. २, ३ आणि ७ या तिन्ही संख्या निर्दोष असल्या, तरी त्या लांबीच्या बाजूंचा त्रिकोण होऊ शकत नाही, कारण त्रिकोणाच्या कोणत्याही दोन बाजूंची बेरीज तिसऱ्या बाजूपेक्षा जास्त असावी लागते. ऋण संख्येच्या बाबतीत तर अधिक सावध राहावे लागते, कारण पायथनच्या ‘टर्टल’ या चित्रण-मॉड्यूलमध्ये ऋण लांबी दिल्यास पडद्यावर रेषा काढत फिरणारे कासव उलट दिशेने सरकते आणि ऋण त्रिज्या दिल्यास वर्तुळ डावीकडे न निघता उजवीकडे निघते; दोन्ही वेळी त्रुटीचा संदेश येत नाही. म्हणून मूल्याची मर्यादा तपासून, ते अयोग्य असल्यास कारण सांगून पुन्हा विचारणे ही प्रोग्रॅम लिहिणाऱ्याची जबाबदारी ठरते. ‘टर्टल’मधील ‘नमइनपुट’ या फंक्शनला किमान आणि कमाल मूल्य आधीच सांगता येते. मात्र वापरकर्त्याने विचारणा रद्द केली, तर संख्येऐवजी ‘काहीही नाही’ असे दर्शवणारे विशेष मूल्य मिळते, त्याचीही तरतूद करावी लागते.

गैरसमज ३ : समभुज त्रिकोणाचा कोन ६० अंशांचा असल्याने कासवाला ६० अंशांतून वळवावे.

वस्तुस्थिती : ६० अंश हा आंतरकोन आहे, तर चालणारा जेवढा वळतो तो बाह्यकोन असतो, आणि समभुज त्रिकोणात तो १२० अंशांचा असतो. प्रत्येक बाजूनंतर ६० अंश वळत तीन बाजू काढल्यास आकृती बंद न होता सुसम षटकोनाचा अर्धा भाग तयार होतो. सुसम बहुभुजाची एक फेरी पूर्ण करताना एकूण ३६० अंशांचे वळण होते, म्हणून ३६० ला बाजूंच्या संख्येने भागले की वळणाचा कोन मिळतो, आणि या एकाच सूत्राने वापरकर्त्याने सांगितलेल्या कितीही बाजूंचा, अर्थात किमान तीन बाजूंचा, बहुभुज काढता येतो. सेमूर पेपर्ट, सिंथिया सॉलोमन आणि वॉली फॉइर्झाइग यांनी १९६७ मध्ये घडवलेल्या ‘लोगो’ भाषेच्या परंपरेतून हे कासव आले. मुलाने स्वतः चालून पाहावे आणि स्वतःच्या शरीराच्या वळण्यातून भूमिती समजून घ्यावी, ही पेपर्ट यांची दृष्टी होती. त्या दृष्टीने पाहिल्यास बाह्यकोन पाठ करावा लागत नाही, तो कळतो.

गैरसमज ४ : वर्तुळाची आज्ञा दिली की पडद्यावर खरे वर्तुळ उमटते.

वस्तुस्थिती : ‘टर्टल’मधील वर्तुळ हा प्रत्यक्षात अंतर्लिखित सुसम बहुभुज असतो. बाजूंची संख्या सांगितली नाही, तर ती त्रिज्येवरून ठरते. त्रिज्या १०० असल्यास २८ बाजू काढल्या जातात आणि त्रिज्या कितीही मोठी असली तरी पूर्ण वर्तुळाला ६० पेक्षा जास्त बाजू मिळत नाहीत. सरळ रेषेचीही गत वेगळी नाही, कारण पडदा हा पिक्सेल नावाच्या सुट्या ठिपक्यांचा बनलेला असल्याने तिरक्या रेषेसाठी कोणते ठिपके निवडायचे हे ठरवावे लागते. आयबीएममधील जॅक ब्रेसनहॅम यांनी १९६२ मध्ये, रेषा आखणाऱ्या प्लॉटर यंत्रासाठी, केवळ पूर्णांकांच्या सोप्या क्रियांनी ही निवड करणारी रीत शोधली आणि १९६५ मध्ये ती प्रसिद्ध झाली.

गैरसमज ५ : आरंभबिंदू आणि अक्षांच्या दिशा सर्वत्र सारख्याच असतात.

वस्तुस्थिती : ‘टर्टल’मध्ये आरंभबिंदू खिडकीच्या मध्यभागी असतो आणि वाय-अक्षावरील मूल्ये वर जाताना वाढतात, ‘पायगेम’ या पायथनच्याच दुसऱ्या मॉड्यूलमध्ये आणि ब्राउझरच्या ‘कॅनव्हास’वर मात्र आरंभबिंदू डावीकडील वरच्या कोपऱ्यात असून वायची मूल्ये खाली जाताना वाढतात. त्यामुळे एकीकडे सरळ दिसणारा त्रिकोण तेच निर्देशक दिल्यावर दुसरीकडे उलटा दिसतो. त्याचप्रमाणे साध्या टर्मिनलवर दहा ओळींत दहा-दहा तारांकने छापली, तर चौरसाऐवजी उभा आयत दिसतो, कारण तेथे एका अक्षराची जागा रुंदीपेक्षा उंचीला जास्त असते.

या गैरसमजांवरून शिकवण्याची एक दिशा स्पष्ट होते. आकृती बिघडली, तर सूत्र बदलून पाहण्यापूर्वी आलेले मूल्य कोणत्या प्रकारचे आहे, त्या मूल्यांची आकृती भूमितीत शक्य आहे का आणि पडदा ती कोणत्या चौकटीत दाखवतो, हे प्रश्न याच क्रमाने विचारावेत. आणि शून्य, ऋण संख्या, अपूर्णांक, अक्षरे व रिकामे उत्तर मुद्दाम देऊन प्रोग्रॅमची परीक्षा घेतल्याशिवाय हा स्वाध्याय पूर्ण झाला असे मानू नये.