भारी यंत्र आणि चांगले गाणे

मुलगी मन लावून गाणे शिकत असते. एके दिवशी ती म्हणते, "माझी चार गाणी ध्वनिमुद्रित करायची आहेत, पण त्याला चांगला मायक्रोफोन हवा." किंमत सांगते ती वडिलांच्या महिन्याच्या पगाराइतकी! पैसे द्यावेत तर घरची ओढाताण. न द्यावेत तर मुलीच्या विद्येच्या आड आल्यासारखे होते. पुष्कळ घरांत उभा राहणारा हा प्रश्न आपण शांतपणे तपासून पाहू.

प्रथम थोडे मागे वळून पाहिले पाहिजे. १९०२ च्या नोव्हेंबरात कलकत्त्याच्या एका हॉटेलात गौहरजान ग्रामोफोन कंपनीसाठी गायल्या, तेव्हा मायक्रोफोन नव्हताच. भल्यामोठ्या कर्ण्यापुढे मोठ्याने गायचे. त्या आवाजाने पातळ पडदा थरथरे आणि त्याला जोडलेली सुई मेणाच्या तबकडीवर रेघ कोरीत जाई. वेळ मिळे जेमतेम तीन मिनिटे. विजेच्या साहाय्याने मुद्रण सुरू झाले ते १९२५ साली. अशा तुटपुंज्या साधनांनी टिपलेले गाणे आपण आजही खरखरीसकट ऐकतो, आणि खरखर विसरून जातो.

मग आजच्या यंत्राने असे काय अधिक दिले? १९८२ साली बाजारात आलेल्या सीडीचे उदाहरण घेऊ. तिच्यात आवाजाची लाट दर सेकंदाला ४४,१०० वेळा मोजून आकड्यांत साठवलेली असते. माणसाच्या कानाला सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांपलीकडचे ऐकू येत नाही, आणि लाट पुन्हा उभी करण्यास दुपटीहून थोडी अधिक मोजणी पुरते. इतकी मोजणी आज स्वस्तातले यंत्रही करते. म्हणजे जी गोष्ट पूर्वी पैशांनीही मिळत नसे, ती आता किरकोळ झाली आहे.

तरीही घरी केलेले मुद्रण पुष्कळदा विहिरीत बसून गायल्यासारखे का वाटते? दोष बहुधा खोलीचा असतो. गाणाऱ्याचा आवाज मायक्रोफोनकडे सरळ जातो, तसाच उघड्या भिंतींवर, फरशीवर आपटून उशिरानेही पोहोचतो. मायक्रोफोनचे अंतर दुप्पट केले की सरळ येणाऱ्या आवाजाचा जोर चौथाईवर येतो. खोलीचा घुमारा मात्र जवळजवळ तेवढाच राहतो. तेव्हा मायक्रोफोन वीत-दीड वीत अंतरावर ठेवावा, पण अगदी तोंडाला लावू नये; तसे केल्यास फुंकर आणि खर्जाचा फुगवटा येतो. खाली सतरंजी घालावी, भिंतींना गोधड्या टांगाव्यात, पंखा बंद करावा. या सर्वांचा खर्च शून्य. आणि हे न केल्यास सर्वांत महागडा मायक्रोफोन तो घुमारा आणि तो पंखा अधिकच स्पष्टपणे टिपील.

परदेशातील एक उदाहरण सांगण्याजोगे आहे. अमेरिकन गायक ब्रूस स्प्रिंगस्टीन याने १९८२ च्या जानेवारीत न्यू जर्सीतील आपल्या भाड्याच्या घरी, साध्या कॅसेटवर चालणाऱ्या यंत्रात काही गाणी कच्ची म्हणून भरली. पुढे तीच गाणी त्याने साथीदारांसह स्टुडिओत करून पाहिली. पण त्या एकट्या आवाजातला भाव तेथे येईना. अखेर त्याच कॅसेटवरून 'नेब्रास्का' ही तबकडी त्याच वर्षी निघाली. मात्र कॅसेटवरचा आवाज तबकडीवर उतरविताना तंत्रज्ञांना बरीच खटपट करावी लागली, हेही सांगितले पाहिजे. स्वस्त साधन आपली किंमत कधीकधी नंतर वसूल करते.

मग भारी यंत्र निरर्थक म्हणायचे काय? तसे नव्हे. स्वस्त मायक्रोफोनला स्वतःची एक बारीक 'सस्' असते. भरदार गळ्यामागे ती झाकून जाते. पण तंबोऱ्याची जवारी किंवा सारंगीचा हळुवार मींड टिपताना ती आड येते. जी मैफल पुन्हा होणार नाही तेथे यंत्राने दगा देऊन चालत नाही. रोज मुद्रण करून पोट भरणाऱ्याला तर भक्कम, भरवशाचे साधन हवेच. अशा कामांत खर्च सार्थकी लागतो. एरवी साध्यावरून बऱ्यापैकी साधनाकडे जाताना फरक चटकन ऐकू येतो. त्यापुढे किंमत दहापट वाढली तरी फरक दहापट वाढत नाही.

आम्हाला खरी हळहळ वाटते ती निराळ्या गोष्टीची. भास्करबुवा बखले १९२२ साली गेले, अल्लादिया खाँसाहेब १९४६ साली. त्यांच्या गाण्याची थोरवी आपण शिष्यांच्या तोंडून ऐकतो; पण त्यांचा स्वतःचा आवाज आपल्याला उपलब्ध नाही. ओबडधोबड कर्ण्यातून आलेली तीनच मिनिटे मिळाली असती तरी आपण ती जिवापाड जपली असती! आणि आज ओव्या म्हणणारी आजी घरात असते, फोन खिशात असतो, तरी 'चांगले यंत्र आले की करू' म्हणून आपण थांबतो. यंत्र पुढच्या वर्षी मिळेल, आजीचे काय?

तेव्हा त्या मुलीच्या वडिलांना आम्ही एवढेच सुचवू की, नाही म्हणू नका, पण क्रम लावा. आधी हाताशी असेल त्या साधनाने, गोधड्या टांगलेल्या खोलीत मुलीने चार गाणी गावीत आणि स्वतः ऐकावीत. बेसूर जागा कोठे आहे, ताल कोठे सुटला, हे साधे यंत्रही तिला सांगेल. ते सुधारल्यावर राहिलेली उणीव यंत्राचीच आहे असे तिच्या कानांनी ठरविले, तर पैसे जरूर द्यावेत. तोपर्यंत तिची शिकवणी सुटू देऊ नये.