मुक्त आज्ञावली : आवृत्ती वेळेवर का निघावी?

यवतमाळहून दिग्रसमार्गे पुसदला जाणारी एस. टी. बस एखादा उतारू यावयाचा राहिला म्हणून थांबून राहत नाही; तो पुढील गाडीने येतो. मुक्तस्रोत आज्ञावल्यांच्या आवृत्त्यांनाही हाच नियम हितकारक ठरला आहे.

ज्यांची मूळ संहिता कोणासही पाहण्यास व सुधारण्यास खुली असते, त्या मुक्तस्रोत आज्ञावल्या होत. लहान प्रकल्पांचे काम बहुधा मूठभर स्वयंसेवक फावल्या वेळात करतात. ते लोकांच्या उपयोगी पडल्याचे समाधान हाच त्यांचा मोबदला. पुसदच्या एखाद्या विद्यार्थ्याने मराठी भाषांतरातील चूक दुरुस्त केली, तरी नवी आवृत्ती निघेपर्यंत ती दुरुस्ती शाळेतील संगणकावर पोहोचत नाही. वर्ष लोटले की उत्साह मावळतो. सुरक्षिततेच्या त्रुटीही वापरणाऱ्यांकडे तशाच राहतात.

डेबियन या स्वयंसेवी प्रकल्पाची ३.० ही आवृत्ती जुलै २००२ मध्ये निघाली, ३.१ साठी जून २००५ उजाडावा लागला. पुढे साधारणतः दोन वर्षांचा क्रम बसला. मराठीतही वापरता येणाऱ्या लिबरऑफिसच्या मोठ्या आवृत्त्या दर सहा महिन्यांनी निघतात. तारीख आधीच ठाऊक असल्याने भाषांतरकारांना आपले काम केव्हा पुरे करावयाचे ते कळते.

अर्थात, कच्चे काम घाईने लोकांपुढे ठेवणे म्हणजे नियमितपणा नव्हे. जे तयार व तपासलेले असेल तेवढेच द्यावे, उरलेले पुढील आवृत्तीसाठी राखावे. आवृत्ती लहान असली तरी चालेल. ती ठरल्या दिवशी निघाली पाहिजे.