गोडवा घशापर्यंत पोचायला किती मिनिटं?

नाकाची साफसफाई नीट चालली आहे का, हे तपासायला सॅकरिनचा कण पुरतो. नाकपुडीत थोडा आत तो ठेवायचा. मग शिंकरायचं नाही, जोरात ओढायचं नाही. गोड लागलं की सांगायचं. अँडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये रूढ केलेल्या या चाचणीत निरोगी माणसाला साधारण दहा-पंधरा मिनिटांत घशाशी गोडी जाणवते. धूम्रपान करणाऱ्यांना बऱ्याचदा त्याहून जास्त वेळ थांबावं लागतं.

तो कण वाहून नेतो शेंबूड, ज्याचं नाव घ्यायलाही आपण लाजतो. नाकातल्या केसांना चुकवून आत आलेली धूळ, परागकण आणि जंतू त्याच्या चिकट थरात अडकतात. थराखाली पातळ द्रव असतो आणि त्यात सिलिया नावाचे सूक्ष्म रोम सेकंदाला दहा-वीस वेळा हलतात. भाताच्या शेतावरून वारा जावा तशी त्यांची लाट घशाकडे सरकते आणि सगळा कचरा नकळत गिळला जातो. पुढचं काम पोटातलं आम्ल करतं.

सिगारेटच्या धुरातले अॅक्रोलिन आणि फॉर्माल्डिहाइड नेमके या रोमांवर घाला घालतात. रोम मंदावतात, झडतात. कित्येक वर्षांच्या धुराने रोमधारी पेशींच्या जागी सपाट, बिनरोमांच्या पेशी येतात. त्याच वेळी चिकट स्राव मात्र वाढतो. कचरा वाढवणारी आणि झाडणारे हात तोडणारी अशी ही सवय आहे. श्वासनळीतही तेच घडतं, म्हणून सकाळी उठल्या उठल्या खोकून ती साफ करावी लागते.

आजारांची तऱ्हा वेगळी. सर्दीचे विषाणू रोमधारी पेशीच मारतात. त्या पुन्हा उगवायला काही आठवडे लागतात. अॅलर्जीत अस्तर सुजतं. नाकाभोवतीच्या पोकळ्यांच्या, म्हणजे सायनसच्या, जुनाट दाहात स्राव घट्ट होतो आणि बाहेर पडायची वाट बुजते. ऑस्ट्रियात ग्राझला वॉल्टर मेसरक्लिंगर यांनी दाखवलं, की सायनसमधला स्राव सायनसच्या नैसर्गिक छिद्राकडेच वाहतो. भिंतीला दुसरं भोक पाडलं तरी स्राव त्याला वळसा घालून जुन्याच वाटेने जातो. म्हणूनच आज दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत मूळ वाट मोकळी करण्यावर भर असतो.

धूम्रपान सोडल्यावर काही आठवड्यांतच सॅकरिनची गोडी लवकर जाणवू लागते, असं ती सवय सोडलेल्यांच्या चाचण्यांत आढळलं आहे.