श्रवण सांभाळू या

रायगडाच्या पायथ्याशी हिरकणीवाडीत रात्री दूरची हाकही ऐकू येते. अशा शांततेत वाढलेली मुले १४ एप्रिलच्या मिरवणुकीतून परतल्यावर 'सर, कानात शिट्टी वाजते' म्हणतात, तेव्हा आम्ही अस्वस्थ होतो.

ती शिट्टी म्हणजे कानाला झालेल्या इजेची सूचना होय. अंतर्कर्णातील शंखाकृती कर्णावर्तात सूक्ष्म केशपेशी असतात. त्याच ध्वनीचा संदेश मेंदूकडे धाडतात. प्रचंड आवाजाने त्या मरतात आणि मेलेली केशपेशी माणसात पुन्हा निर्माण होत नाही. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला ८ तासच सोसावा. पुढे दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते. १०० डेसिबलला ती अवघी १५ मिनिटे उरते.

२००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. नियम आपल्या उत्सवांनाही लागू आहेत.

मिरवणुकीत डीजेच्या भिंतीपासून दूर चालावे, मधूनमधून शांत जागी थांबावे, इअरप्लग वापरावेत. कापसाचा बोळा पुरत नाही. शिट्टी दुसऱ्या दिवशीही टिकली, तर कानाच्या डॉक्टरांना दाखवावे.

मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत हजारोंनी बाबासाहेबांना ऐकले, आणि मगच ते चवदार तळ्याकडे निघाले. मंगल सुत्तानेही बहुश्रुतता मंगल मानली आहे. ज्या समाजाने ऐकून स्वातंत्र्य मिळविले, त्याच्या मुलांचे कान जयंतीतच निकामी होऊ नयेत, एवढीच आमची विनंती आहे.