दोन सरासरींतील अंतर आणि सोलापूरची ज्वारी

सोलापूरच्या जिराईत मुलखात रब्बीची ज्वारी बहुतांशी परतीच्या पावसाने जमिनीत मुरविलेल्या ओलीवरच वाढत असल्यामुळे, बांधबंदिस्ती, खोल नांगरट, विरळ पेरणी यांसारख्या ओल राखणाऱ्या उपायांनी उत्पन्न खरोखर वाढते काय, हा प्रश्न १९३३ साली सोलापुरास निघालेल्या कोरडवाहू शेती संशोधन केंद्रापुढे प्रथमपासूनच होता. उत्तर सोपे वाटते: काही वाफे नव्या पद्धतीने पेरावे, काही जुन्या, आणि मळणीनंतर दोहोंची सरासरी ताडून पाहावी. परंतु येथील एकाच शेतात चार पावलांवर काळी भारी माती संपून मुरूम लागतो, आणि दोन्हीकडे एकच पद्धत वापरली तरी दोन सरासरी तंतोतंत सारख्या येत नाहीत.

म्हणून संख्याशास्त्रज्ञ प्रथम दोन्ही पद्धतींचे खरे मध्यमान सारखेच आहे असे धरून चालतो. या गृहीतकास शून्य परिकल्पना म्हणतात. मग तो विचारतो की, हे खरे असते तर दिसले तेवढे किंवा त्याहून मोठे अंतर केवळ यदृच्छेने कितीदा पडले असते? उदाहरणादाखल असे समजू की, प्रत्येकी दहा वाफ्यांत जुन्या पद्धतीने एकरी ३०० किलो आणि नव्या पद्धतीने ३४० किलो ज्वारी पिकली, व दोन्हीकडे वाफ्यावाफ्यांतील प्रमाण विचलन ६० किलो भरले. या चढउतारापोटी सरासरींच्या अंतरात सुमारे २७ किलोंची प्रमाणत्रुटी संभवते. चाळीसला तिने भागता दीड येते, आणि शेकडा पाचांच्या पातळीवरील, म्हणजे यदृच्छेने शंभरात पाचदाच ओलांडली जाणारी, मर्यादा येथे २.१ असल्याने परिकल्पना फेटाळता येत नाही. तेच अंतर व तेच विचलन प्रत्येकी चाळीस वाफ्यांत आढळले असते तर प्रमाणत्रुटी निम्म्यावर येऊन गुणोत्तर तीनच्या आसपास गेले असते, आणि निकाल फिरला असता. पहिल्या निकालाचा अर्थ नवी पद्धत निरुपयोगी आहे असा काढणे हा मोठा अन्याय होय. तेवढ्या पुराव्यावर निवाडा देता येत नाही, इतकेच त्यात आहे.

ही कसोटी डब्लिनच्या गिनेस मद्यनिर्मितीगृहात काम करणाऱ्या गॉसेटने १९०८ साली ‘स्टुडंट’ या टोपणनावाने मांडलेल्या विवेचनातून निघाली. तिच्यात दोन्ही समष्टींचे विचलन सारखे मानलेले असते. पण ओल राखलेल्या रानात पीक एकसारखे येऊन चढउतारही घटला, तर ते गृहीतच ढासळते. ही अडचण जर्मनीत बेरेन्स यांनी व इंग्लंडात फिशर यांनी हाताळली, आणि त्यांच्या कसोटीची कोष्टके १९३८ साली महालनोबीस यांच्या ‘सांख्य’ या नियतकालिकात प्रसिद्ध केली ती सातारा जिल्ह्यातील बुध गावी जन्मलेल्या पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी. पुढे पानसे यांच्यासमवेत लिहिलेल्या ग्रंथाद्वारे त्यांनी हे शास्त्र शेतकी संशोधकांच्या हाती दिले, हे ऋण आपण फार थोडे आठवतो याचे वाईट वाटते.

अंतर सार्थ, म्हणजे केवळ यदृच्छेचे नव्हे असे, ठरले तरी ते बांधाचा खर्च भरून काढील काय, हा हिशेब निराळाच करावा लागतो. शिवाय एका हंगामाचे वाफे फक्त त्या हंगामाच्या पावसाची साक्ष देतात. म्हणूनच सोलापूरसारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्यात असा प्रयोग ओल्या आणि कोरड्या अशा दोन्ही सालांतून चालवावा, आणि त्यानंतरच जिराईतदारास शिफारस करावी.