गळीत हंगामाचे पाणी आणि धातूच्या पट्ट्या

दिवाळीच्या आसपास प्रवरानगरपासून कोपरगावपर्यंत बॉयलर पेटतात, गव्हाणीत मोळी पडते आणि पुढचे काही महिने अहिल्यानगर जिल्हा उसाच्या तालावर चालतो. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारातून 1950 साली प्रवरेचा कारखाना सुरू झाला, त्या सहकारावर भरपूर लिहून झाले आहे. कारखान्याच्या मागच्या अंगाने निघणाऱ्या पाण्यावरही तितक्याच आस्थेने लिहायला हवे.

उसातच सुमारे 70 टक्के पाणी. त्यात मिलच्या बेअरिंगचे तेल, बगॅसचा चुरा आणि धुण्यात गेलेली साखर मिसळते. ईटीपीतले (सांडपाणी प्रक्रिया प्रकल्पातले) जिवाणू हे पचवतात, पण हंगामाच्या तोंडावर त्यांना शेण घालून नव्याने वाढवावे लागते आणि गाळप थांबले की ते उपाशी मरतात. इलेक्ट्रोकोॲग्युलेशनला, म्हणजे विजेने धातूच्या पट्ट्या झिजवून पाणी स्वच्छ करण्याच्या तंत्राला, ही वाट पाहावी लागत नाही. बटण दाबले की काम सुरू.

कल्पना जुनी आहे. ॲल्युमिनियम व लोखंडाचे झिजणारे इलेक्ट्रोड वापरून सांडपाणी शुद्ध करण्याचे पेटंट अमेरिकेत 1909 साली दिले गेले. आपण गढूळ पाण्यात तुरटी फिरवतो, त्यातले ॲल्युमिनियमच इथे पट्टीतून थेट पाण्यात उतरते. काचेच्या भांड्यात हे स्पष्ट दिसते: धन पट्टी झिजते, ऋण पट्टीवरून हायड्रोजनचे बारीक बुडबुडे उठतात, तेलकट कण त्यांना धरून वर फेस धरतात आणि जड गुठळ्या तळाशी बसतात.

हिशेबही सरळ आहे. 1 अँपिअर-तासाला सुमारे 0.335 ग्रॅम ॲल्युमिनियम विरघळते. 1 घनमीटर पाण्यात 100 ग्रॅम उतरवायचे तर जवळपास 300 अँपिअर-तास लागतात. 10 व्होल्ट धरले तर 3 युनिट वीज. बगॅसवर स्वतःची वीज करणाऱ्या कारखान्याला हंगामात हे जड नाही. पट्टीवर ऑक्साइडचा थर चढला की मात्र व्होल्टेज वाढते, म्हणून विजेच्या प्रवाहाची दिशा अधूनमधून उलटवावी लागते.

विरघळलेली साखर यात फारशी निघत नाही, हे विक्रेत्याने सांगितले नाही तरी खरेदीदाराने विचारलेच पाहिजे. आसवनीच्या स्पेंट वॉशचा (मद्यार्क काढल्यावर उरणाऱ्या सांडपाण्याचा) सीओडी (रासायनिक ऑक्सिजन मागणी) लिटरला लाख मिलिग्रॅमच्या घरात असतो. त्यावर थेट पट्ट्या लावणे म्हणजे धातू आणि वीज वाया घालवणे. आधी बायोगॅस काढावा. त्यानंतरही मेलॅनॉइडिन या रंगद्रव्याचा काळपट रंग उरतो, तो कमी करण्यात या तंत्राचा खरा उपयोग होऊ शकतो. साखर कारखान्यांपलीकडे, नागापूर किंवा सुप्याच्या एमआयडीसीत क्रोम प्लेटिंगचे पाणी निघत असेल, तर तिथे मी लोखंडी पट्ट्याच सुचवेन: त्यांतून सुटणारे लोह विषारी षट्संयुजी क्रोमियमला त्रिसंयुजी करते आणि ते गाळात बसते.

तो गाळ मात्र धोकादायक कचरा ठरतो. त्याची रवानगी रांजणगावसारख्या अधिकृत विल्हेवाट केंद्रात करण्याचा खर्च पहिल्या दिवसापासून प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात धरायला हवा.